अज्ञान म्हणजे अजाण नव्हे: अठराच्या आतल्या मुलांचे हक्क, कोकणातल्या घरांसाठी

सातबाऱ्यावर लहान मुलाचं नाव चढतं तेव्हा पुढे ‘अज्ञान’ असं लिहिलेलं असतं आणि खाली ‘अ.पा.क.’ म्हणून आईचं किंवा वडिलांचं नाव येतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या भाषेत अज्ञान याचा अर्थ एवढाच की १८ वर्षं पुरी व्हायची आहेत. आमच्या वाड्यांमधून मात्र हा शब्द अक्षरशः घेतला जातो. आईबापांचं फाटलेलं असो, आंब्याच्या कलमांची बाग विकायची असो, शिमग्यातली मारामारी असो, बारा-पंधरा वर्षांचं मूल पडवीत बसून राहतं आणि त्याचा निकाल माजघरात लागतो. त्यालाही विचारा म्हटलं की एखादी आजी हमखास म्हणते, “पोराक काय विचारतास? तेका काय कळता?”

कायदा आजीच्या बाजूने नाही. मुलाचा हक्क आईच्या किंवा बापाच्या हक्कातून फुटलेली फांदी नसून तो त्याचा स्वतःचा असतो, हे आपल्या कायद्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी स्वयंसेवक म्हणून काम करताना मला दिसतं की बहुतेक घरं हरतात ती कायदा वाईट म्हणून नाही. पहिल्या दोन दिवसांत काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून हरतात. ते इथे क्रमाने सांगते.

आधी वयाचा कागद

मुलाच्या कुठल्याही प्रकरणात पहिला प्रश्न वयाचा असतो. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये पुराव्याचा क्रम ठरलेला आहे. सर्वात आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही, तरी लोक नेमकं तेच घेऊन धावतात.

कोकणात एक घोळ नेहमी सापडतो. बाळंतपण माहेरी झालं म्हणून जन्माची नोंद माहेरच्या ग्रामपंचायतीत, आणि पहिलीत घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिलेली. दोन कागदांत सात-आठ महिन्यांचा फरक पडतो, आणि सोळाच्या किंवा अठराच्या सीमेवरच्या मुलाचं सगळं त्या फरकावर ठरतं. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत ही दुरुस्ती करून घेता येते, शाळा सुटली की ती फार अवघड होते. घरात मूल असेल तर या आठवड्यात दोन्ही कागद शेजारी ठेवून तारखा जुळतात का बघा.

वकिलाचा खर्च परवडणार नाही म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला आणि बालकाला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत साधा अर्ज द्यायचा. फोनवर विचारायचं तर १५१०० हा क्रमांक आहे. मूल संकटात असेल तर १०९८, आणि हा फोन मूल स्वतःसुद्धा करू शकतं. घरातल्या मुलांना हा क्रमांक पाठ असू द्या.

पोलीस मुलाला घेऊन गेले तर

पालखीच्या वेळी दोन वाड्यांत बाचाबाची झाली, पोलिसांनी आठ जण उचलले, त्यात एक सोळा वर्षांचा. घरी फोन येतो तेव्हा पहिली धाव पुढाऱ्याकडे जाते आणि मुलाला निरोप जातो की सांगतील तिथे सही कर आणि सुटून ये. हा निरोप देऊ नका. नियमांप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नसते.

दाखल्याची झेरॉक्स घेऊन ठाण्यात जा आणि आधी वय सांगा. नोंद करायला लावा. तिथून पुढे ते प्रकरण मोठ्यांसारखं चालत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो. मूल त्याच्या किंवा जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकाच्या हवाली व्हायला हवं. साध्या कपड्यातल्या पोलिसाने बोलायचं, बेडी घालायची नाही. कोठडीत किंवा तुरुंगात तर कुठल्याच परिस्थितीत ठेवायचं नाही, एका रात्रीपुरतंही नाही. प्रकरण अतिगंभीर नसेल आणि मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेलं नसेल, तर एफआयआरसुद्धा नोंदवायचा नसतो, फक्त ठाणे दैनंदिनीत नोंद होते. शिमग्याच्या भांडणात मोठी माणसं जवळजवळ नेहमीच असतात. तेव्हा एफआयआर झाला म्हणून घाबरून जाऊ नका, मुलाचा भाग वेगळा निघून बाल न्याय मंडळापुढेच जातो.

प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मुलाला मंडळापुढे हजर करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. मंडणगडहून रत्नागिरी किंवा दोडामार्गहून ओरोस जवळ नाही, हे खरं. पण “आज मंडळाची बैठक नाही” हे कारण चालत नाही, कारण बैठक नसेल तेव्हा मंडळाच्या एका सदस्यापुढेही मुलाला हजर करता येतं. हे वाक्य ठाण्यात शांतपणे म्हणून बघा.

जामिनाचा अर्ज त्याच दिवशी द्या. मोठ्यांच्या कायद्यात गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र हे बघतात, मुलाच्या बाबतीत तो भेद नाही. जामीन हाच नियम. नाकारायचा तर तीनच कारणं आहेत: सुटल्यावर मूल माहीत असलेल्या गुन्हेगाराच्या संगतीत पडेल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा सुटकेमुळे न्यायाचा हेतूच बुडेल. ही कारणं मंडळाने लिहून द्यावी लागतात. जामीन मिळाला पण अटी ७ दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर अटी सैल करण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणलं जातं. गरीब घरासाठी ही सोय मोलाची आहे.

मग परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासणी अहवाल तयार करायला घरी येतात. दोन आठवड्यांत तो द्यायचा असतो. पाहुणा आल्यासारखं घर सजवू नका आणि काही लपवू नका. बाप पितो, मुलाने शाळा सोडली आहे, दोन वर्षं तो मासेमारीच्या होडीवर खलाशांबरोबर जातो, हे सगळं सांगा. मंडळ शिक्षा किती ते मोजत नाही, मुलाला काय लागतं ते बघतं, आणि ते या अहवालातून बघतं.

चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यात संपली नाही तर प्रकरणच बंद होतं. शेवटी समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, देखरेखीखाली घरी सोडणं, किंवा जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृह म्हणजे मुलांच्या सुधारणेची संस्था, असे आदेश होऊ शकतात. ज्या गुन्ह्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे त्यात १६ वर्षांवरच्या मुलाची, त्याला गुन्ह्याची समज होती का याची, प्राथमिक पडताळणी होते आणि प्रकरण मंडळाकडून वरच्या बाल न्यायालयात जाऊ शकतं. त्या टप्प्यावर अनुभवी वकील हवाच. तिथेही फाशी किंवा सुटकेची आशा नसलेली जन्मठेप देता येत नाही.

कोकणातल्या आईबापांची खरी भीती वेगळी असते: पासपोर्ट अडेल, शिपवरची नोकरी जाईल. बाल न्याय अधिनियमाचं कलम २४ त्यासाठीच आहे. मंडळाने दोषी धरलं तरी त्या कारणाने मुलावर पुढे अपात्रतेचा शिक्का बसत नाही आणि मुदतीनंतर नोंदी नष्ट केल्या जातात. अपवाद फक्त बाल न्यायालयाने दोषी धरलेल्या १६ वर्षांवरच्या मुलांचा. मुलाचं नाव, फोटो, शाळा, गाव छापणं किंवा पसरवणं कलम ७४ खाली गुन्हा आहे. वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणी टाकलं असेल तर स्क्रीनशॉट घेऊन तक्रार द्या.

एक कळकळीची गोष्ट. नववी-दहावीच्या मुलाच्या हातात स्कूटर देणं आपल्याकडे अगदी सहज झालं आहे, एसटी थांब्यापर्यंतच तर जायचं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा वेळी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही.

मुलावरच लैंगिक अत्याचार झाला असेल तेव्हा पॉक्सो कायदा २०१२, म्हणजे मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागू होतो. अशा प्रकरणांत गावात बैठका होतात, “मुलीचं पुढे लग्न व्हायचं आहे” असं म्हणत तडजोड सुचवली जाते. त्या तडजोडीला कायद्यात काडीची किंमत नाही, उलट माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. विश्वासातलं माणूस पूर्ण वेळ सोबत राहू शकतं.

आईवडील वेगळे झाले तर मूल कुठे

ताब्याच्या प्रकरणात दोन्ही बाजू “माझं मूल” म्हणत उभ्या असतात. न्यायालय मात्र पालक व पाल्य अधिनियम १८९० प्रमाणे मुलाचं हित बघतं, आणि हिंदूंसाठी १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम १३ तेच सर्वोच्च मानतं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. इतर धर्मांत त्यांचे वैयक्तिक नियम विचारात घेतात, पण हिताच्या कसोटीतून तिथेही सुटका नाही. समज आलेल्या मुलाचं स्वतःचं म्हणणं न्यायालय विचारात घेऊ शकतं, असं १८९० च्याच कायद्यात लिहिलेलं आहे. इंग्रजांच्या काळातल्या कायद्याला जे सुचलं ते आपल्या ओटीवर अजून सुचत नाही, याचं मला वाईट वाटतं.

अर्ज कुठे करायचा? मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात, आणि कौटुंबिक न्यायालय असेल तिथे त्यात. ‘नेहमी’ हा शब्द महत्त्वाचा. डोंबिवलीत शिकणारं मूल मे महिन्यात आजोळी सावंतवाडीला आणून ठेवलं, म्हणून लगेच सावंतवाडी त्याचं राहण्याचं ठिकाण होत नाही. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर ताब्याचा अर्ज त्यातच देता येतो.

निकाल लागायला वेळ जातो, म्हणून मूळ अर्जासोबत तात्पुरत्या ताब्याचा आणि भेटीचा अर्ज जोडायला वकिलांना सांगा. भेटीचं वेळापत्रक मागताना आपल्याकडचं पंचांग डोळ्यांपुढे ठेवा. “महिन्यातले दोन रविवार” हे मुंबईतल्या बापाला आणि देवगडच्या मुलाला कागदावरच राहतं. त्याऐवजी मे महिन्याची अर्धी सुट्टी, गणपतीतले ठराविक दिवस, दिवाळीचे चार दिवस असं नेमकं लिहून मागा. मूल कोण आणणार, कुठे सोडणार, तेही लिहा. बाप शिपवर किंवा आखातात असेल तर व्हिडिओ कॉलचे वार आणि वेळ ठरवून घ्या. अशा संपर्काचा मुलाला हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केलेलं आहे.

पुरावा म्हणून शेजाऱ्यांच्या साक्षींपेक्षा साधे कागद जास्त बोलतात: लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, फीच्या पावत्या, पालकसभेच्या सह्या. रोज मुलाचं कोण करतं ते त्यांतून दिसतं.

न्यायाधीश मुलाशी बहुधा आपल्या दालनात एकट्याने बोलतात. त्या दिवशी मुलाला पढवून आणू नका. काल-परवाचं पाठ केलेलं वाक्य कुणालाही ओळखू येतं, आणि मूल आतून तुटतं ते वेगळंच. एवढंच सांगा की साहेब विचारतील, तुला वाटतं ते सांग, कुणी रागावणार नाही.

शाळेच्या दारातून मूल परस्पर उचलून नेऊ नका, नेलेलं असेल तर गप्प बसू नका. अशा वेळी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करा असं मागणारी, याचिका करता येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ (सर्किट बेंच) बसतं. रायगडला मुंबईच.

शाळा बदलण्यावरून मुलाचं वर्ष घालवू नका. जुनी शाळा “वडिलांची सही आणा” म्हणून दाखला अडवते आणि नवी शाळा दाखल्याशिवाय घेत नाही, ही तक्रार माझ्याकडे दर जूनमध्ये येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हा हक्क आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबाच्या मुलालाही आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, अडलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

पोटगी मुलाची आहे

पोटगी म्हणजे नवराबायकोचा हिशेब असं समजून आई पुष्कळदा रागाने म्हणते, “मला त्याचा पैसा नको.” तिला नको असेल तर ठीक. मुलाचा वाटा सोडून द्यायचा अधिकार तिला नाही. परस्परसंमतीच्या घटस्फोटात आईने “पुढे काही मागणार नाही” लिहून दिलं तरी मुलाचा हक्क बुडत नाही.

१ जुलै २०२४ पासून यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. सगळ्या धर्मांच्या मुलांना लागू. आईवडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलाला पोटगी मिळते. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, आई राहते त्या ठिकाणीही करता येतो. तात्पुरत्या पोटगीचा अर्ज सोबतच द्या, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा सांगतो. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. बाप बोटीवर असेल तर कंपनीचं नाव, करार किती महिन्यांचा, पैसे कुठल्या बँकेत येतात, ही माहिती आधी जमवा. पैसे थकले तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून एका वर्षाच्या आत करा. वर्ष उलटलं तर त्या महिन्याची वसुली या वाटेने होत नाही.

बाप गेलेला किंवा बेपत्ता असेल तर राज्याची बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिना २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. अंगणवाडी सेविकेला विचारा, तिला वाट माहीत असते.

जमीन आणि आंब्याची कलमं

बाप जातो, तेराव्यानंतर चुलते कागद घेऊन येतात, मुंबईहून गिऱ्हाईक ठरलेलं असतं, आई सही करते. दहा वर्षांनी मुलाला कळतं की समुद्राकडच्या अंगाची बाग आपली होती. ही गोष्ट कोकणात एवढ्या घरांत घडली आहे की मी इथे थोडी रेंगाळणार आहे.

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज द्या. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच. अर्जात मुलगे आणि मुली सगळ्यांची नावं घाला. “ती लहान आहे, नंतर घालू” असं मुलीच्या बाबतीतच का सुचतं, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावं. हिंदू घरात वडिलांच्या मागे आई, मुलगे, मुली आणि हयात असेल तर वडिलांची आई, सगळ्यांचा वाटा सारखा. नोटीस लागल्यावर हरकतीसाठी १५ दिवस असतात. कुणाचं नाव गळलं असेल तर तेवढ्यात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. यातल्या ‘नंतर’चा अर्थ फक्त मृत्यूनंतर असा नाही, वडील दूर किंवा बेफिकीर असतील तेव्हाही आई पालक म्हणून काम करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं. काका, मामा, आजोबा हे पालक नव्हेत. न्यायालयाने नेमलं नसेल तर त्यांना मुलाची मालमत्ता विकण्याचा अधिकारच नाही. मुस्लिम घरात वडील, आजोबा किंवा त्यांनी मृत्युपत्रात नेमलेलं माणूस नसेल, तर मालमत्तेपुरतं आईलाही न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावं लागतं.

आणि हिंदू आईवडिलांनाही मोकळं रान नाही. मुलाची स्थावर मालमत्ता विकणं, गहाण टाकणं, बक्षीस देणं, ५ वर्षांहून जास्त भाड्याने देणं, यासाठी जिल्हा न्यायालयाची आगाऊ परवानगी लागते. गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच ती मिळते. हक्कसोडपत्रालाही हेच. “दुय्यम निबंधकांनी दस्त नोंदवला, म्हणजे झालं” असं दलाल सांगतात, पण नोंदणी म्हणजे परवानगी नव्हे. न्यायालय परवानगी देतं तेव्हा बहुधा मुलाच्या वाट्याचे पैसे त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतं. ही अडचण वाटू देऊ नका, त्याच पैशातून त्याचं शिक्षण होतं.

वडिलोपार्जित एकत्र जमिनीचं थोडं वेगळं आहे. तिथे कुटुंबाचा कर्ता खऱ्या गरजेसाठी न्यायालयात न जाताही विकू शकतो, पण गरज होती का हे मूल पुढे विचारू शकतं. आपली जमीन कुठल्या प्रकारात बसते ते जुने फेरफार काढून वकिलाला दाखवा, सातबारा एकटा पुरत नाही.

अठरावा वाढदिवस झाल्यावर

त्या दिवशी तीन कामं असतात. जन्मतारखेच्या पुराव्यासह अपाक शेरा कमी करण्याचा अर्ज द्या, महसूल खात्याच्या ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही होतो. मुलाच्या नावची बँक खाती आणि ठेवी सज्ञान म्हणून चालू करून घ्या. आणि लहानपणीचे सगळे दस्त, फेरफार, हक्कसोडपत्रं काढून बघा. पालकाने परवानगीशिवाय जमीन विकली असेल तर तो व्यवहार रद्द करून घेण्याचा दावा सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांच्या आत, म्हणजे २१ पूर्ण होण्याआधी करावा लागतो.

मुलीचं लग्न १८ च्या आत लावलं असेल, तर ते रद्द करून घेण्याचा अर्ज ती स्वतः वयाची २० वर्षं पूर्ण होईपर्यंत करू शकते. अविवाहित हिंदू मुलीचा बापाकडून पोटगी मिळवण्याचा हक्क, ती स्वतः कमवत नसेल तर, अठरानंतरही संपत नाही.

अपाक शेऱ्याच्या अर्जाची पोच जपून ठेवा. महिन्याभराने नवा सातबारा काढा आणि आपल्या नावापुढचा ‘अज्ञान’ गेला का, ते स्वतः वाचून बघा.